आम्हांला मूर्ख हवेत

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. दोन्ही याद्या आजही कामाला येतात. पण पुणे जिल्ह्यात भीमेच्या खोऱ्यात, शिरूर आणि दौंड तालुक्यांत, एक तिसरा मूर्खही राहत आला आहे. व्यवहार कळणारी माणसे त्याला लांबून ओळखतात. चार पैसे सुटत असतील तिथे तो सोडून देतो, गप्प बसायचे तिथे विचारतो, आणि ज्याच्याशी नात्यागोत्याचा संबंध नाही अशा माणसाच्या पोटाची काळजी आपल्या डोक्याला लावून घेतो.

या तिसऱ्या मूर्खाची ही स्तुती आहे, आणि ती मनापासूनची आहे. कारण या भागात गरिबाच्या ताटात, हातात किंवा नावावर जे काही पडले, त्याची सुरुवात कुठल्या ना कुठल्या मूर्खाने केलेली मला दिसते.

पहिला मान शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकचा. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांना हालहाल करून मारले. बादशाही फौज याच मुलखात होती. परंपरा सांगते की इथल्या माणसांनी महाराजांच्या देहाचे अवशेष गोळा केले आणि वढूत अंत्यसंस्कार केले. त्या दिवशी कोणी नफ्यातोट्याचा विचार केला असता तर उत्तर एकच होते: दार लावून घ्या. घरात मुलेबाळे आहेत, रब्बीचे पीक काढायचे आहे, आणि गेलेला राजा कोणाचा सारा माफ करायला परत येणार नाही. तरीही माणसे बाहेर पडली.

आज गावात महाराजांची समाधी आहे आणि त्या अंत्यसंस्काराशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या गोविंद गोपाळ यांचीही आहे. पुढाकार कोणाचा, यावरून डिसेंबर २०१७ च्या अखेरीस इथे तणाव झाला. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या पट्ट्यात हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला, गाड्या आणि दुकाने जळाली, आणि हातावर पोट असलेल्यांची रोजी बुडाली. १६८९ च्या त्या माणसांनी जीव धोक्यात घातला तो एका देहाची विटंबना थांबावी म्हणून. त्यांचा वारसा सांगायचा असेल तर त्यांच्या त्या बेहिशेबी धाडसाचा सांगावा. श्रेयाचे वाटे घालत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

दौंड तालुक्यातल्या केडगावला दोनशे वर्षांनी असाच वेडेपणा घडला. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी, अनाथ मुली आणि बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. त्या वेळी त्यांच्याकडे पुण्यातले शारदासदन होते आणि केडगावला घेतलेली जमीन होती. जेवढी खोली तेवढ्याच मुली घ्याव्यात, एवढे साधे गणित कोणीही त्यांना सांगितले असते. रमाबाईंनी मुली आधी आणल्या, छप्पर नंतर उभे केले. केडगावच्या मुक्तिसदनात विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि छपाई सुरू झाली. भाकरी देऊन त्या थांबल्या नाहीत. ज्या बाईला घराने टाकले, गावाने टाकले, तिच्या हातात कसब दिले, म्हणजे पुन्हा कोणाच्या दारात उभे राहायला लागू नये. दुष्काळात धान्य वाटणारे तेव्हाही होते. दुष्काळ सरल्यावर या बायका काय करतील, हा प्रश्न फार थोड्यांना पडला होता.

आता आजच्या वढूकडे येऊ. गावापासून जवळच पुणे-अहिल्यानगर रस्ता आहे. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगावची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला चाकण. मोटारी, फ्रिज, टीव्ही आणि त्यांचे सुटे भाग या पट्ट्यात तयार होतात. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न राज्यात वरच्या क्रमांकांत असते. सरासरी काढताना कारखानदाराचे उत्पन्न आणि त्याच्याच गेटमधून आत जाणाऱ्या हेल्परचे उत्पन्न एकत्र होते, आणि हेल्पर कागदावरून नाहीसा होतो.

मग कागदावर गरीब कोण? अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंब म्हणून धान्य मिळवायचे तर महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये आणि शहरी भागासाठी ५९,००० रुपये ठरली. हे साऱ्या कुटुंबाचे आणि साऱ्या वर्षाचे उत्पन्न आहे. ४४,००० ला बाराने भागले तर महिन्याला ३,६६७ रुपयेही होत नाहीत. दिवसाला चारशे रुपये रोजाने महिन्यातले दहा दिवस काम मिळाले तरी माणूस या रेषेच्या वर जातो. वढू बुद्रुकला ग्रामपंचायत आहे, म्हणून इथे ग्रामीण मर्यादा लागते. पण खोलीचे भाडे, गॅस, मुलांच्या शाळेची गाडी, दवाखाना यांचे दर कंपन्यांच्या पट्ट्याने ठरतात. गावाच्या मापाने गरिबी मोजायची आणि शहराच्या दराने दिवस काढायचे, अशी इथल्या मजुराची गत आहे.

बाईची गोष्ट याहून अवघड. २०२४ साली आलेल्या लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षांच्या बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला मिळतात तेही १,५००, पण तिथे मर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. पासष्टी उलटली की लाडकी बहीण संपते. मग श्रावणबाळ योजनेकडे जावे तर तिथे पुन्हा २१,००० ची अट. कांद्याच्या रानात खुरपणी करणाऱ्या बाईचे गुडघे साठीनंतर साथ देत नाहीत. नेमके त्याच वयात, मदत हवी असेल तर तिचे घर किती कमावू शकते याची मर्यादा अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर उतरते. हे कोणी वाईट हेतूने केले असे मी म्हणत नाही. प्रत्येक योजना आपापल्या काळात, आपापल्या खात्यात, नीट विचार करून आखली गेली. फक्त एकाच बाईच्या आयुष्यात या दोन्ही योजना एकामागून एक येतात, हे कोणी ओळीने मांडून पाहिले नाही.

असे मांडून पाहणारे दोन मूर्ख पुण्यातच होऊन गेले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. सरकारकडे किती पैसा आहे, म्हणून किती गरीब परवडतील, असा त्यांचा क्रम नव्हता. त्यांनी सुरुवात पोटापासून केली. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळाव्यात, त्यासाठी १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च करता आले पाहिजेत. मग इतकेही खर्च करू न शकणारे किती, ते मोजले. खेड्यांत सुमारे चाळीस टक्के आणि शहरांत सुमारे पन्नास टक्के माणसे निघाली. योजनाबद्ध विकासाची वीस वर्षे झाल्यावर असा आकडा मांडणे कोणालाच सोयीचे नव्हते. पुढे जाऊन त्यांनी उपायही सांगितला: ज्याला काम हवे त्याला सार्वजनिक कामांवर काम द्या आणि त्याचा खर्च सुस्थितीतल्यांनी उचलावा. शहरात बसून, स्वतःचा पगार चालू असताना, आपल्याच वर्गाच्या खिशाकडे बोट दाखवणे हा मोठाच मूर्खपणा आहे. तो महाराष्ट्राच्या फार उपयोगी पडला.

कारण त्याच सुमारास वि. स. पागे नावाचे आणखी एक गृहस्थ तोच ध्यास घेऊन बसले होते. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरला आपली कल्पना आधी लहान प्रमाणावर करून पाहिली. मागेल त्याला काम, एवढीच ती कल्पना. १९७२ चा दुष्काळ आला. बंधारे, पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडण्याच्या कामांवर माणसे लोटली. १९७३ च्या उन्हाळ्यात ही संख्या पन्नास लाखांच्या जवळ गेली. दुष्काळ ओसरल्यावर शहाणपणाने ही कामे बंद करून टाकता आली असती. महाराष्ट्राने उलटे केले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कामाची मागणी हा हक्क ठरला. बाई आणि पुरुष यांना कामाच्या मापाने सारखी मजुरी ठरली.

पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो हाच कर. नदीवर धरण नाही, शेतात पाणी नाही अशा गावच्या मजुराच्या खडी फोडण्याचा खर्च कचेरीत बसणाऱ्या कारकुनाने द्यावा, हे विधिमंडळात मान्य होण्यासारखा मूर्खपणा पुन्हा क्वचितच झाला असेल. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला. महाराष्ट्र त्याआधी सव्वीस वर्षे ही हमी पाळून बसला होता. योजनेत खोटी हजेरीपत्रके झाली, मजुरी रखडली, हेही खरे आहे आणि ते लपवू नये. पण त्या त्रुटी पकडता आल्या त्या कायद्याने हक्क दिला होता म्हणूनच. उपकारात खोट निघाली तर तक्रार करता येत नाही.

शिरूर तालुक्यातच पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग आले. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले मोठ्या पदाचे शास्त्रज्ञ. ते सोडून त्यांनी कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती आणि जनावरांची निगा हे सारे एकत्र शिकवायला घेतले. जो मुलगा परीक्षेत नापास झाला तो डोक्याने मंद आहे, असे मानायला त्यांनी नकार दिला. हाताने काम करताना बुद्धी जागी होते, आणि एकाच कामात अडकलेल्या मुलापेक्षा चार कामे येणारा मुलगा गावात पोट भरू शकतो, हा त्यांचा विश्वास होता. आश्रमातले घुमटाकार घर अनेकांनी पाहिले आहे. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, पाबळला आली, तेव्हा ती त्या विद्यापीठाबाहेरच्या अशा अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी होती. कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांच्या शहाण्या सहकाऱ्यांना निवृत्तीनंतर जे मिळाले असेल ते त्यांना मिळाले नाही. नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांना मात्र स्वतःचे वर्कशॉप टाकण्याइतके कसब मिळाले.

पुणे शहरात डॉ. बाबा आढाव फक्त दवाखाना चालवत राहिले असते तर नाना पेठेत त्यांची चांगली प्रॅक्टिस झाली असती. ते भुसार बाजारातल्या हमालांच्या पाठीवरचे ओझे मोजत बसले. १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी राहिली. पोत्याचे वजन, तोलाईचा आणि हमालीचा दर, म्हातारपणाची तरतूद, या गोष्टींवर भांडता येते हे हमालाला कळले. १९६९ मध्ये राज्यात माथाडी कायदा झाला, त्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि इथे अशीच माणसे होती. १९७४ मध्ये पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली: राबणाऱ्याला स्वस्तात, ताजे आणि मानाने जेवण मिळावे म्हणून. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. उकिरड्यात हात घालणारी बाई ही शहराची कामगार आहे, तिला ओळखपत्र हवे, ही मागणी ऐकून अनेकांना हसू आले असेल. पुढे त्याच बायकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा केला.

इतक्या मोठ्या नावांनंतर वाचकाला वाटेल की हा मूर्खपणा फक्त असामान्यांना झेपतो. तसे नाही. वढूच्या परिसरात तो रोज, बिनबोभाट चालतो.

कंपनीच्या गेटवर ठेकेदारामार्फत आत जाणाऱ्या पोराला लवकरच कळते की सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ मिळतो. वर्षभरात २४० दिवस भरले तर कायद्याचे संरक्षण लागू होते, म्हणून त्याआधी नाव काढायचे आणि काही दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा आत घ्यायचे, ही अनेक ठिकाणी रुळलेली रीत आहे. मशीन तेच, सुपरवायझर तोच. शहाणा कामगार ब्रेक निमूट घेतो, कारण घरी पैसे पाठवायचे असतात आणि खोलीचे भाडे थकलेले असते. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण शंभरांत एखादा मूर्ख निघतो आणि विचारतो: नेमणूकपत्र कुठे आहे? पीएफ कुठल्या नावावर जातो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले. म्हणजे जो प्रश्न विचारला म्हणून कित्येकांना ‘उद्यापासून येऊ नको’ ऐकावे लागले, तोच प्रश्न आज कायद्यात बसला आहे. विचारणाऱ्याची नोकरी गेली तरी त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांना निदान काय मागायचे ते कळते.

दुसरा मूर्ख किराणा दुकानात भेटतो. परगावच्या भाडेकरूला, ज्याचे गावही त्याला धड माहीत नाही, तो पगार होईपर्यंत वहीवर पीठ, तेल, साबण देतो. बँक त्या माणसाला दारात उभे करणार नाही. ब्रेकच्या महिन्यात या पट्ट्यातली किती कुटुंबे उपाशी राहिली नाहीत, याचा हिशेब कोणत्याही कचेरीत नाही. तो अशा वह्यांमध्ये आहे.

तिसरा मूर्ख दोन-तीन एकरांचा शेतकरी. गुंठ्याचे भाव ऐकून आजूबाजूच्यांनी रान विकले, खोल्या बांधल्या, गाडी घेतली. हा अजून ऊस आणि कांदा लावतो. त्याच्या भावकीतले त्याला समजावून दमले. त्याच्या जमिनीवर वर्षातले पुष्कळ दिवस पाच-सात बायकांना काम असते: लावण, खुरपणी, काढणी. जमीन विकली की मालकाला किंमत मिळते. त्या बायकांची नावे सातबाऱ्यावर कधीच नव्हती, म्हणून त्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई कुठल्याच खरेदीखतात येत नाही. शेतकऱ्याने जमीन विकू नये असे मी म्हणणार नाही. त्याच्या डोक्यावरचे कर्ज त्यालाच ठाऊक असते. पण रान विकताना ज्याच्या मनात आपल्या बांधावर राबणाऱ्या बाईचा विचार आला, त्याचा सौदा चार दिवस लांबला, तर त्या चार दिवसांबद्दल मी त्याचा आदर करतो.

शहाण्यांविषयी माझी तक्रार नाही. घर चालवायला शहाणपण लागते, आणि गरिबाइतके काटेकोर शहाणपण कोणाकडेच नसते. फक्त एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. आपापल्या घराचा हिशेब कितीही नीट ठेवला तरी अशा हिशेबांच्या बेरजेतून शेजारच्या खोलीतला माणूस सुटून जातो. त्याला हिशेबात धरायला कोणालातरी स्वतःचा हिशेब मोडावा लागतो. केडगावात तो मोडला, विसापुरात मोडला, पाबळात मोडला. म्हणून आज कुठे कोणता मूर्ख हवा आहे ते नाव घेऊन सांगतो.

मंत्रालयात असा एक अधिकारी हवा, जो लाडकी बहीण आणि श्रावणबाळ यांच्या मर्यादा एका कागदावर शेजारी शेजारी लिहील आणि त्यांतला फरक मिटेपर्यंत फाइल पुढे सरकू देणार नाही. कामगार खात्यात असा निरीक्षक हवा, जो गेटवर उभा राहून ठेकेदाराच्या हजेरीपत्रकातले ब्रेक मोजेल. पुरवठा खात्यात असा कोणी हवा, जो कंपन्यांच्या पट्ट्यातल्या गावांना ग्रामीण मर्यादा लावणे चूक आहे हे लेखी मांडेल. कारखानदारांत असा एक हवा, जो पाच वर्षे त्याच मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला आपला माणूस म्हणून नावावर घेईल.

आणि वढूच्या ग्रामसभेत एक हवा. छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मारकासाठी मार्च २०२२ च्या राज्य अर्थसंकल्पात २५० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. ते काम भव्य व्हावे यात दुमत नाही. येत्या १ मेला, महाराष्ट्र दिनाला आणि कामगार दिनाला, ग्रामसभा भरेल तेव्हा कोणीतरी उठून विचारावे: या खर्चातले किती दिवसांचे काम गावातल्या भूमिहीनांना मिळेल, दर्शनाला येणाऱ्यांसाठी जे गाळे होतील त्यांतले किती विधवांच्या आणि बचत गटांच्या नावावर होतील, आणि मजुरी बँकेत जमा होईल की ठेकेदाराच्या हातून? सभेत कुजबुज होईल, विचारणाऱ्याला खाली बसायला सांगतील. त्याने बसू नये. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे आणि पुढच्या ग्रामसभेत तेच पान उघडून पुन्हा विचारावे.